पालकांची पावले, मुलांची धाव

आश्विनी पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील वाहने दरवर्षी दुसऱ्या मार्गांनी वळविण्यात येतात आणि सुमारे ४५ किलोमीटरचा तो रस्ता पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतो. सोलापूर शहरातून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून निघालेले लक्षावधी भाविक रात्रभर चालत श्री तुळजाभवानीच्या दर्शनास येतात. या गर्दीत मुलेही मोठ्या संख्येने असतात. कोणी बापाच्या खांद्यावर बसलेले, कोणी आईचा पदर धरून झोपेच्या भरात चालणारे, तर कोणी थोरल्या बहिणीशी पैज लावून पुढच्या विजेच्या खांबापर्यंत पळत सुटलेले. एरवी शाळेच्या फाटकापर्यंत चालण्याचा कंटाळा करणारी मुले या रात्री कितीतरी मैल हसतखेळत तोडतात. त्यांना व्यायामाचे महत्त्व कोणी समजावून सांगितलेले नसते. आईवडील चालत आहेत, म्हणून ती चालत आहेत, एवढेच.

पौर्णिमा उलटते आणि रस्ता पुन्हा वाहनांचा होतो. त्यानंतरच्या सोमवारी धाराशिव, तुळजापूर, उमरगा वा कळंब यांपैकी कोणत्याही गावी शाळा भरण्याच्या वेळी उभे राहिले तर निराळे चित्र दिसते. मोटारसायकलच्या टाकीवर धाकटा, मागे थोरली, तिच्या पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली. घर ते शाळा हे अंतर पुष्कळदा एक किलोमीटरही नसते. मुलांना उतरवून पिता तसाच पुढे कचेरीकडे, दुकानाकडे किंवा बाजार समितीकडे जातो. सायंकाळी याच क्रमाने उलट प्रवास होतो. यात्रेच्या रात्री चालणारे कुटुंब आणि सोमवारी सकाळी न चालणारे कुटुंब एकच आहे. मुलांच्या हालचालीचा विचार करताना हा विरोधाभास ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण आईवडील स्वतः किती हालचाल करतात आणि कशाने प्रवास करतात, याचा मुलांच्या अंगवळणी पडणाऱ्या सवयींशी निकटचा संबंध असल्याचे गेल्या काही दशकांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

मोजमापाची गोष्ट

या विषयावरील बराच जुना आणि आजही आवर्जून सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावचा आहे. हृदयविकाराच्या संशोधनामुळे हे गाव वैद्यकीय जगात पूर्वीच प्रसिद्ध झाले होते. तेथील चार ते सात वर्षे वयाच्या १०० मुलांच्या व त्यांच्या आईवडिलांच्या कमरेला शरीराच्या हालचालीची नोंद करणारे एक लहानसे यंत्र बांधण्यात आले आणि वर्षभरात मिळून सरासरी नऊ दिवसांच्या नोंदी घेण्यात आल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : ज्यांच्या माता हालचालीत तत्पर होत्या, ती मुले सक्रिय असण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट होती, पिता तत्पर असेल तर ती साडेतीनपट होती, आणि दोघेही तसे असतील तर जवळजवळ सहापट होती.

पित्याचा आकडा मातेपेक्षा मोठा का निघाला, याचे उत्तर केवळ आकड्यांतून मिळत नाही. आईवडिलांचे अनुकरण, त्यांच्याबरोबर खेळण्याफिरण्याची संधी, त्यांच्याकडून मिळणारे उत्तेजन आणि काही अंशी अनुवंश, अशी चार कारणे संशोधकांनी संभाव्य म्हणून सांगितली होती.

पुढे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ५५४ माता आणि त्यांची चार वर्षांची मुले यांच्या हालचाली एकाच वेळी यंत्राने मोजण्यात आल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही आई जितकी हालती तितके मूल हालते, असाच संबंध आढळला. मात्र ब्रिस्टॉल परिसरातील पाच हजारांहून अधिक मुलांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक सावध आहे. मूल लहान असताना ज्यांचे आईवडील व्यायाम करीत, ती मुले अकरा-बारा वर्षांची झाल्यावर किंचित अधिक सक्रिय होती. पण फरक बेताचाच होता. म्हणजे चार वर्षांचे मूल आईच्या मागेमागे असते, तर बारा वर्षांचा मुलगा मित्रांच्या मागे असतो, हे कोणत्याही घरात दिसणारे सत्य आकड्यांतही उतरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातून पुढे आली. तोवर झालेले ३४ अभ्यास त्यात तपासण्यात आले होते. आईवडील स्वतः व्यायाम करतात की नाही आणि मूल किती हालचाल करते, यांच्या संबंधाबाबत या अभ्यासांत एकवाक्यता नव्हती. काहींत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. परंतु पालकांचा पाठिंबा आणि मुलांची हालचाल यांचा संबंध मात्र ठळकपणे दिसून आला. मैदानावर नेऊन सोडणे, खेळाच्या साहित्यासाठी चार पैसे काढणे, खेळ पाहावयास जाणे, उशीर झाला तर न रागावणे, हे सारे या पाठिंब्यात मोडते. पहाटे उठून स्वतः धावणारा, पण मुलाने मैदानावर अर्धा तास जास्त घालविला की त्याला अभ्यासावरून बोलणारा पिता एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो.

मुलांना हालचाल लागते तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार स्वरूपाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ती दमविणारी असावी. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल पुरेशी मानली आहे. धाप लागण्याइतके नव्हे, पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम हालचाल, अशी एक सोपी खूण सांगितली जाते. १४६ देशांतील शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र केली असता ११ ते १७ वर्षे वयाची ८१ टक्के मुले या एका तासापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळून आले.

श्रम आणि व्यायाम

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न मांडताना एक अडचण प्रथमच उभी राहते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार असून तीत ग्रामीण लोकांचे प्रमाण सुमारे ८३ टक्के आहे. खुरपणी, काढणी, ऊसतोड, जनावरांचे चारापाणी, डोक्यावरून वाहिलेले पाणी यांत ज्यांची हयात गेली, त्यांना व्यायामाचा उपदेश करणे हे काहीसे हास्यास्पद ठरेल. उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याची ओळख आहे आणि ती माळरानावर दिवसभर चरत हिंडणारी जात आहे. तिच्यामागे हिंडणाऱ्या माणसाची पावले मोजण्यास कोणी यंत्र बांधले तर फ्रॅमिंगहॅमचे आकडे बापुडे वाटतील.

तरीही दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली म्हणजे हे चित्र बदलत आहे. ट्रॅक्टर आले, मळणीयंत्रे आली, विंधन विहिरीवरच्या पंपाचे बटण दाबले की पाणी येऊ लागले, शेतापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. हे बदल स्वागतार्हच आहेत. पाठ मोडणाऱ्या कष्टांचे कौतुक ज्यांनी ते उपसले नाहीत त्यांनीच करावे. पण कष्ट गेले आणि त्यांच्या जागी दुसरी कोणतीही हालचाल आली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंडीगड येथे केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २० वर्षांवरील ५४.४ टक्के लोकांची हालचाल अपुरी आढळली. शहरांतील ६५ टक्के हा आकडा अपेक्षितच होता. पण ग्रामीण भागातही तो ५० टक्के होता. मनोरंजनासाठी अथवा आवड म्हणून व्यायाम वा खेळ करणारे तर दहा टक्क्यांहूनही कमी होते. याच परिषदेच्या २०२३ च्या अहवालात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींच्या पुढे असल्याचे नमूद आहे. ज्या घरांत हा आजार पूर्वी ऐकूनही माहीत नव्हता, त्या घरांत आता गोळ्यांचे पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले दिसते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. श्रम आणि व्यायाम यांत शरीराला फारसा भेद कळत नसला तरी मुलाच्या मनाला तो कळतो. आई दोन घागरी घेऊन मैलभर चालून आली आणि उंबऱ्यात मटकन बसली, हे पाहणारे मूल चालण्याविषयी काय शिकते? चालणे म्हणजे गरिबी, चालणे म्हणजे शीण, आणि मोठे होणे म्हणजे यातून सुटणे, हेच ना? मुलाला मोटारसायकलवरून शाळेत सोडणारा पिता आळशी नसतो. आपल्याला अनवाणी तुडवावा लागलेला रस्ता मुलाच्या वाट्यास येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते. अनुकरणाचा सिद्धांत इथे नीट लागू पडतो, पण उलट दिशेने. मूल आईवडिलांच्या पायांचेच नव्हे, तर त्यांच्या इच्छांचेही अनुकरण करते. या विषयावर जिल्ह्यात काम करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने वा आरोग्यसेविकेने पालकांच्या सभेत हे आधी लक्षात घेतले नाही, तर त्यांचे बोलणे पहिल्या पाच मिनिटांतच वाया जाईल.

शाळेची वाट

शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी तरतूद आहे. लहान मुलाला एक किलोमीटर चालावयास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. जाऊन येऊन अर्धा तास. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या एका तासातील निम्मा वेळ कोणतेही साहित्य, शुल्क वा शिक्षक न लागता शाळेच्या वाटेवरच भरून निघतो. मूल वाटेत रेंगाळले, चिंचा पाडावयास थांबले किंवा उशीर झाला म्हणून पळाले, तर हिशेब आणखी वाढतो.

हा अर्धा तास जगभरच हातातून निसटला आहे. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात असत. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. अमेरिकेत १९६९ साली सुमारे ४८ टक्के विद्यार्थी पायी अथवा सायकलने शाळेत जात, ते प्रमाण २००९ मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास उरले. दोन्ही देशांत कारणांची साखळी सारखीच होती. आईवडील मोटारीने कामावर जाऊ लागले, शाळा वाटेवरच असल्याने मुलांना सोबत नेणे सोयीचे झाले, त्यामुळे शाळेसमोर मोटारींची गर्दी वाढली, आणि गर्दी वाढल्याने चालत येणाऱ्या मुलांच्या पालकांनाही रस्ता धोक्याचा वाटू लागला. म्हणजे आईवडिलांच्या प्रवासाच्या सवयी केवळ स्वतःच्या मुलांपुरत्या राहत नाहीत. शेजाऱ्याच्या मुलाची वाटही त्या बदलून टाकतात.

धाराशिव जिल्ह्यातील पालकांची भीती निराधार आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा जिल्ह्याच्या मधून जातो आणि सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरगा या भागातून जातो. या महामार्गांनी व्यापार आणला, दवाखाने जवळ आणले. पण जेथे वस्ती एका बाजूस आणि शाळा दुसऱ्या बाजूस आहे, तेथे त्यांनी सात वर्षांच्या मुलापुढे एक नवी नदी आणून ठेवली. खालून जाणारा भुयारी मार्ग असला तरी तो पावसाळ्यात कोरडा आणि सायंकाळी उजेडाचा असेल, तरच आई त्यातून मुलाला पाठविते.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत हा प्रश्न आणखी एका अंगाने समोर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. जुनी गावठाणे दाट होती. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली, पार, देऊळ, शाळा आणि आड हाकेच्या अंतरावर. नव्या वसाहतींत सुरक्षिततेसाठी रुंद रस्ते आणि ऐसपैस भूखंड देण्यात आले. भूकंपाने गल्लीत गाडली गेलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना हे ऐसपैसपण हवेच होते. परंतु गाव पसरले तशी अंतरेही वाढली. पूर्वी आई ओट्यावरून हाक मारी आणि मूल परत येई. आता मूल कोठे खेळत आहे ते ओट्यावरून दिसत नाही. जे दिसत नाही त्याची काळजी वाटते, आणि काळजी वाटली की मुलाला घरात बसविले जाते. गावाच्या आखणीचा मुलाच्या खेळण्याशी असा थेट संबंध असतो.

सार्वजनिक वाहनांचा विचार या संदर्भात सहसा केला जात नाही, तो करावयास हवा. एस.टी.ने जाणारा प्रवासी घरातून थांब्यापर्यंत आणि थांब्यावरून कामाच्या ठिकाणापर्यंत चालतो. मोटारसायकलवाला दारातून दारापर्यंत जातो. अमेरिकेतील सार्वजनिक वाहनांच्या प्रवाशांची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, थांब्यापर्यंतच्या जाण्यायेण्यात त्यांचे दिवसाकाठी मध्यमानाने १९ मिनिटे चालणे होत असे. फाट्यावर उतरून गावापर्यंत पायवाट तुडविणाऱ्या मराठवाड्यातील प्रवाशाला हे सांगण्यास अमेरिकेची साक्ष काढावी लागू नये. आई बाजाराच्या दिवशी मुलांना घेऊन एस.टी.ने तालुक्याला जाते, तेव्हा त्या दिवशी मुलांचे चालणे आपोआप घडते आणि रस्ता कसा ओलांडावा, थांब्यावर कोठे उभे राहावे, याचे शिक्षणही होते.

दोन खांब आणि एक मैदान

या साऱ्या विवेचनात एक सुखद अपवाद म्हणून या जिल्ह्यातील खो-खोचा उल्लेख करावा लागेल. अवर्षणाचा आणि मागासलेपणाचा शिक्का बसलेल्या, २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या जिल्ह्याने खो-खोत देशपातळीवर नाव मिळविले आहे, आणि तेही विशेषतः मुलींच्या संघांमुळे.

खो-खोला लागते ते फार थोडे. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही की घेतलेली दिशा बदलता येत नाही. त्यामुळे त्याने योग्य क्षणी 'खो' देणे हाच खेळाचा प्राण ठरतो. बसणे, उठणे, एकदम वेग घेणे, वाकणे, सूर मारणे असा सर्वांगाचा व्यायाम काही मिनिटांत होतो. शाळेच्या पटांगणावर बसते, पोषाखाचा खर्च नाही, चेंडू हरवत नाही. गरीब जिल्ह्याने हा खेळ उचलला यात नवल नाही.

या मैदानाने घडविलेल्या खेळाडूंमध्ये श्रीमती सारिका काळे यांचे नाव अग्रभागी आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व त्यांनी केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा सन्मान बावीस वर्षांनंतर लाभला होता. त्या तालुका क्रीडा अधिकारी म्हणून शासनाच्या सेवेत रुजू झाल्या. पुरस्काराच्या वेळी त्यांनी वृत्तपत्रांना सांगितलेली हकिगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची होती की दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळे. आई शिवणकाम करीत असे. तेराव्या वर्षी काकांनी त्यांना प्रथम मैदानावर नेले, आणि तेथून पुढचा सारा प्रवास सुरू झाला.

या घरात पहाटे उठून धावणारे, व्यायामाची हौस असलेले आईवडील असण्याजोगी स्थितीच नव्हती. फ्रॅमिंगहॅमच्या कोष्टकात हे कुटुंब कोठे बसविता आले असते, कोण जाणे. परंतु एका वडीलधाऱ्या माणसाने मुलीचा हात धरून तिला मैदानापर्यंत नेले, आणि घराने तिला परत बोलाविले नाही. २००६ च्या आढाव्यात ज्याला पाठिंबा म्हटले आहे, तो याहून वेगळा नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० अशी मात केली. या विजयी संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे यांचा समावेश होता.

कुस्तीची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने चालते. तेथे बापाकडून मुलाकडे वारसा सरळ येतो. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचे वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान होते आणि मुलाला त्यांनी लहान वयातच आखाड्यात उतरविले होते. धाराशिव येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेस गावोगावचे बाप आपल्या मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. यात्रेतील कुस्त्यांच्या फडाभोवतीही हेच दृश्य असते. अर्थात, फडाभोवती बसून पाहणे आणि मातीत उतरणे यांत अंतर आहे, आणि गावची तालीम सकाळी उघडी असते की तिच्यात सिमेंटची पोती ठेवलेली असतात, यावर ते अंतर अवलंबून असते.

मुलगी घरात का येते

बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाचे खेळणे बदलते, मुलीचे पुष्कळदा थांबते. शाळा सुटली की ती थेट घरी येते. धाकट्यास सांभाळणे, भाकरी, झाडलोट, पाणी ही कामे तिची वाट पाहत असतात आणि त्याहूनही मोठे कारण म्हणजे लोक काय म्हणतील, ही धास्ती. येथे पित्यापेक्षा आईचा शब्द निर्णायक ठरतो, आणि आईने स्वतः कधी खेळ खेळलेला नसेल तर तिला मुलीच्या खेळण्याची गरज पटविणे कठीण जाते. फुगडी, झिम्मा, पिंगा हे नागपंचमीचे आणि मंगळागौरीचे खेळ ज्या घरांत आया आजही खेळतात, तेथे मुली आपोआप रिंगणात ओढल्या जातात. फुगडीची दहा मिनिटे कोणत्याही मोजयंत्राने 'जोरदार' याच सदरात टाकली असती. खेद एवढाच की, हे खेळ वर्षातून काही दिवसांपुरते आणि पुष्कळ ठिकाणी आता व्यासपीठापुरते उरले आहेत.

सायकलीने या बाबतीत काही प्रमाणात मार्ग काढला आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील निवडक तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते, तर अधिक अंतरावरील मुलींसाठी एस.टी.च्या निळ्या बसगाड्या आणि मोफत प्रवासाची सवलत आहे. सायकलीचा हेतू मुलींची शाळा सुटू नये हा आहे, व्यायाम हा नव्हे. पण पाच किलोमीटर जाऊन-येऊन सायकल मारणारी मुलगी आठवड्याचा आपला बराचसा व्यायाम शाळेच्या वाटेवरच पुरा करते. चार मुली एकत्र निघाल्या की घरच्यांची काळजीही कमी होते. सायकल घरी आल्यावर ती थोरल्या भावाच्या हाती जात नाही ना, एवढे मात्र शाळेने अधूनमधून पाहिलेले बरे.

मैदानासाठी ग्रामपंचायती आणि संस्थांना शासनाच्या क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास अनुदान योजनांतून साहाय्य मिळू शकते. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे सादर करावा लागतो. दहावी-बारावीच्या परीक्षांत ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना वाढीव गुणांची सवलत आहे. 'खेळून काय मिळणार' या पालकांच्या प्रश्नास शिक्षक याच सवलतीचे उत्तर देतात. उत्तर उपयोगी आहे, पण ते थोड्या मुलांपुरते आहे. जी मुले जिल्ह्याच्या संघात कधीच येणार नाहीत, त्यांच्यासाठी मैदान सायंकाळी उघडे असणे, शाळेचे फाटक पाच वाजता कुलूपबंद न होणे आणि जवळ एखादा वडीलधारा माणूस बसलेला असणे, या गोष्टी अधिक कामाच्या आहेत. तो माणूस धावलाच पाहिजे असे नाही.

हिवाळ्यात या भागात सहा वाजता अंधारून येते. खो-खोचा सराव त्या सुमारास रंगात आलेला असतो. खेड्यावरून आलेल्या मुलींना गावाकडची एस.टी. गाठावयाची असते, आणि ती चुकली तर घरून कोणीतरी मोटारसायकल घेऊन यावे लागते. दप्तर आणि चपला मैदानाच्या कडेला ठेवलेल्या असतात, शेजारी एखादा पिता गाडी लावून त्या गाडीवरच बसलेला असतो, आणि रेघेच्या आत त्याची मुलगी अजून बाद झालेली नसते.